आखूड बाकडं

"हात हलवू नका," असं म्हणून त्यांनी खिशातून टेप काढला आणि माझ्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजलं. मसाल्याच्या डब्यांसाठी मला एक फळी हवी होती. "साधारण एवढी," म्हणून मी हात पसरून दाखवले, एवढाच माझा गुन्हा. मी अंगणात तशीच उभी, नाकावर माशी, आणि हे गृहस्थ शांतपणे वहीत आकडा लिहितायत. लिहून झाल्यावर म्हणाले, "साधारण कायबी नसतं, वहिनी. आधी माप, मग बोलणं."

असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. आमच्या शिरूरच्या आळीत सगळे त्यांना आप्पा म्हणत. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये ते फिटर होते. रिटायर झाल्यावर आईवडिलांच्या घराचं कुलूप काढून एकटेच राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगी दौंडलाच दिलेली. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची पाठीला पाठ.

मी तेव्हा पन्नाशीची होते आणि आळीतलं सगळं आपल्यालाच कळतं अशी माझी समजूत होती. आप्पा आले त्या दिवशी मी त्यांना चहाला बोलावलं ते पाहुणचार म्हणून नव्हे, मागची नवी न्हाणी दाखवायला. गुलाबी टाइल्स, पुण्याहून आणलेल्या. ती बांधताना गवंड्याने विचारलं होतं, "हद्द कुठवर धरायची?" शेजारचं घर बंद, विचारणार कुणाला? मी चपलेच्या टोकाने मातीत रेघ ओढली आणि म्हटलं, "हितवर." माझा अंदाज कधी चुकत नसे. निदान तो चुकला असं मला तोंडावर सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

आप्पांनी टाइल्स पाहिल्या. "झ्याक हायेत," म्हणाले. मग स्वतःचं काढलं. घरामागच्या मोकळ्या जागेत, त्यांच्या घरापासून आमच्या न्हाणीपर्यंत, त्यांना वर्कशॉप बांधायचं होतं. वहीत सगळं काढून ठेवलेलं, खिडकी कुठे, दार कुठे, लोखंड पकडायचा व्हाइस कुठे. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब बाकडं. त्यासाठी लागणारा, रुळांखालचा स्लीपर त्यांनी कधीचा जपून ठेवला होता. रेल्वेने लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे टाकले, तेव्हा लिलावातून घेतलेला, चांगला नऊ फुटी.

"दोन्ही टोकं भिंतीत गेली, की बाकडं मरेस्तवर हलत न्हाई," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं रेल्वेच्या बाकड्यावर काम केलं, वहिनी. ह्ये माझं. हेच्यातलं इंचभर कापायचं न्हाई."

एवढ्याशा लाकडाचं काय ते कौतुक, असं मला वाटलं. गुलाबी टाइल्सचं कौतुक मात्र मी तासभर केलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दोरी बांधून चुन्याची फक्की मारली. मी खिडकीतून पाहिलं तर फक्कीची रेघ थेट माझ्या न्हाणीच्या भिंतीला येऊन भिडलेली. पदर खोचला आणि गेले.

"आप्पा, माझ्या भिंतीला चिकटून बांधताय व्हय? उद्या ओल आली तर? लांब सरका जरा!"

"आधी माप, मग बोलणं," ते म्हणाले आणि रस्त्याकडच्या हद्दीच्या दगडापासून मोजायला लागले. एकदा मोजलं. घरातून एक जुना कागद आणला, तो पाहिला, पुन्हा मोजलं. मग टेप हातात तसाच धरून माझ्या न्हाणीकडे बराच वेळ बघत राहिले. मी कमरेवर हात ठेवून उभी.

"काय निघालं माप?" मी विचारलं.

त्यांनी टेप सोडला. तो सुर्रकन आत गेला.

"बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "सरकतो मी."

त्या दिवशी मी आळीत घरोघर जाऊन सांगितलं, की रेल्वेवाल्याला आज लाल झेंडी दाखवली. इतकी खूश होते, की घरी येऊन शिरा केला.

वर्कशॉप त्यांनी एकट्याने बांधलं. पाया खणला, विटा भिजवल्या, ओळंबा लावून एकेक थर चढवला. एकदा भिंत कमरेपर्यंत आली आणि दुसऱ्या दिवशी बघते तर गुडघ्यावर.

"पडली का काय?"

"पाडली. बोटभर बाहेर गेली व्हती."

"अहो, वर प्लास्टर होणार. कुणाला दिसणारे?"

"मला दिसतंय की."

बोटभर चुकली म्हणून स्वतःची भिंत पाडणारा माणूस. हे वाक्य तेव्हाही मी सगळ्यांना सांगत असे, त्यांची चेष्टा म्हणून.

पत्रे चढले, दार बसलं, आणि एके दिवशी सकाळपासून करवतीचा आवाज सुरू झाला. लाकूड चांगलंच टणक असावं. थोडा वेळ आवाज, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा आवाज. जेवणाच्या वेळेपर्यंत तेच. मी भिंतीवरून ओरडले, "आप्पा, डोकं उठलं हो!"

"झालंच," पलीकडून उत्तर आलं.

चार दिवसांनी ते दारात उभे. हातात जाडजूड लाकडी पाट. रंधा मारून, तेल पाजून तुळतुळीत केलेला. "घ्या वहिनी. आवाजाचा तरास झाला तुमाला."

पाटाच्या एका कडेला अर्धगोल खाच होती. चार बोटं काही त्यात मावत नसत, पण ती पाट उचलायला केलीय हे मी ओळखलं. पुढे पंधरा वर्षं मी आल्यागेल्याला सांगत आले, "बघा, माणसाचं डोकं! धरायला खाचसुद्धा ठेवलीय." तो पाट मी न्हाणीत ठेवला. रोज त्यावर बसून अंघोळ केली, कपडे धुतले, आणि गुडघे दुखायला लागले तेव्हा त्याचाच आधार घेऊन उठले.

वर्कशॉप चांगलं चाललं. कुणाचा मिक्सर, कुणाची सायकल, कुणाच्या कुकरचा कान. फक्त रविवारी हातोडी बंद. पांढरा शर्ट घालून चर्चला जात, आणि परत येताना कुणाच्या तरी कललेल्या गेटसमोर मान वाकडी करून उभे राहत. सोमवारी ते गेट सरळ झालेलं असे.

एकदा मी आत डोकावले. बाकडं भिंतीपासून भिंतीपर्यंत होतं, पक्कं रोवलेलं. पण खोली अरुंद वाटली. व्हाइसमध्ये पाइप धरला की तो भिंतीला अडे, मग ते दार उघडून, अंग चोरून, तिरके उभे राहून कानस मारत.

"आप्पा, बाकडं लांब असणार होतं ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "लाकूड वाळतं, वहिनी."

मला ते पटलं. मान हलवून मी घरी आले.

नंतर वयाने त्यांचे हात थरथरायला लागले आणि मुलीने त्यांना दौंडला नेलं. मागच्या वर्षी तिथेच वारले. यंदा मुलीने जागेची सरकारी मोजणी मागवली. तिपाईवर यंत्र लावून दोन पोरगेलेसे साहेब आले. तासाभराने त्यातल्या एकाने माझ्या न्हाणीच्या भिंतीवर लाल रंगाने खूण केली आणि म्हणाला, "आजी, ही भिंत दीड फूट त्यांच्यात हाय."

"चुकलं असेल तुमचं," मी म्हणाले. सवय.

मुलगी म्हणाली, "राहू दे काकू. आप्पांना ठाऊक व्हतं. म्हणायचे, वहिनींनी लई हौसेनं बांधलीय, टाइल्स फुटतील. म्हणून तेच आणखी दीड फूट मागं सरकले."

भिंत फोडून बाकडं काढायला माणसं लागली होती. दौंडला न्यायला टेम्पो उभा होता. बाकड्याचं माझ्या बाजूचं टोक भिंतीतून बाहेर आलं. कापलेल्या कडेवर अर्धं भोक होतं. रेल्वेचा खिळा बसायचा, त्या भोकाचं अर्धं.

न्हाणीत गेले, पाट उचलला, छातीशी धरून आणला आणि बाकड्याच्या टोकाला लावला. करवतीने खाल्लेली फट सोडली, तर भोक पुरं झालं. लाकडाच्या रेषाही इकडून तिकडे सरळ गेल्या.

लाकूड वाळतं म्हणे. दीड फूट!

"तो पण द्यायचा का टेम्पोत?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. लबाड मी आहेच.

टेम्पो गेला. वर्कशॉपच्या दोन भिंतींत समोरासमोर दोन खोबणी तेवढ्या राहिल्या.

मी दुकानातून टेप आणवला. न्हाणीच्या मागच्या भिंतीपासून आत दीड फूट मोजलं, दोनदा मोजलं, आणि खडूने रेघ मारली. पाण्याने ती रोज पुसली जाते, मी रोज मारते. पाट आता रेघेच्या अलीकडे ठेवून बसते. नळ लांब पडतो, हात पुरत नाही, सून कुरकुरते. पण बसते.