साडूभाऊंनी वाजवलेला हॉर्न

जगात चोरांचा इतका मनापासून विचार करणारा गृहस्थ आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा सापडायचा नाही. खुद्द चोरही स्वतःच्या धंद्याचा एवढा विचार करत नसतील. हल्लीच्या मोटारी इंटरनेटला जोडलेल्या. फोनवरून उघडतात, फोनवरून सुरू होतात, कुठे उभ्या आहेत तेही फोनवर दिसतं. अशा गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चोराला शिरायला कुठे फट राहिलीय का, ते गाडी बाजारात येण्याआधी शोधायचं, हे साडूभाऊंचं काम. म्हणजे दिवसभर ऑफिसात बसून चोऱ्या करायच्या आणि वर पगार घ्यायचा. आमच्या सासूबाईंना हे अजून नीटसं पचलेलं नाही. ‘जावई कंपनीत आहेत,’ एवढंच त्या पाहुण्यांना सांगतात आणि विषय बदलतात.

खिशातल्या चावीचा सिग्नल पकडून चोर खाली उभी असलेली गाडी उघडू शकतो, हे कळल्यापासून साडूभाऊंनी घरातल्या डब्यांवर हक्क सांगितला. एका रविवारी मीरा रोडच्या त्यांच्या सोसायटीत गेलो, तर हे पार्किंगमध्ये. काखेत मसाल्याचा डबा, डब्यात चावी, आणि एका हाताने गाडीचं दार ओढताहेत. दार उघडलं, म्हणजे चावीचा सिग्नल डब्याबाहेर निसटला; डबा नापास. मग पोह्यांचा, मग रव्याचा. वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी त्याला राहवेना. “साब, गाडी आपकी ही है ना?”

“अभी तक तो है,” साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले.

अखेर बिस्किटांचा पत्र्याचा डबा पास झाला. तेव्हापासून त्या घरात चावी डब्यात असते आणि बिस्किटं पिशवीत मऊ पडतात. मेहुणी कुरकुरते, पण तीही आता चावी डब्यात टाकल्याशिवाय चपला काढत नाही. भाड्याच्या गाडीत बसले की साडूभाऊंचा हात आधी पुढच्या स्क्रीनकडे जातो. काशिमिऱ्याहून एका लग्नाला निघालो होतो, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, “भैया, आपकी गाडी में कितने लोग बैठे हैं, मालूम है?” तो बिचारा दचकून मागे बघायला लागला. आधीच्या प्रवाशांनी गाणी लावायला फोन जोडले होते आणि त्यांची नावं, त्यांच्या बायकांचे नंबर गाडीतच राहिले होते. हॉल येईपर्यंत साडूभाऊ एकेकाला पुसून काढत होते. ड्रायव्हरला वाटलं, साहेब भूत उतरवताहेत.

तर अशा माणसाच्या मुलीला, जुईला, पुण्यात नोकरी लागली आणि साडूभाऊंनी तिला नवी गाडी घेतली. सॉफ्टवेअर त्यांच्याच कंपनीचं. गाडी त्यांच्या नावावर, म्हणून ॲपही त्यांच्या फोनवर. जाण्याआधी हात बसावा म्हणून जुई मैत्रिणीला घेऊन घोडबंदरला गेली होती. मी चहाला बसलो होतो आणि साडूभाऊ नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत होते. ठिपका किल्ल्यापाशी थांबला तो हलेना.

“फोन उचलत नाहीये ती,” ते म्हणाले. त्यांचा चहा निवला होता. गर्दीत गाडी सापडावी म्हणून ॲपमध्ये एक सोय असते; बटण दाबलं की गाडी हॉर्न वाजवते, दिवे लुकलुकवते. मी ‘अहो साडूभाऊ’ म्हणेपर्यंत त्यांनी ते दाबलं होतं.

तिकडे रिकामी गाडी आपोआप बोंबलायला लागली आणि माणसं जमली. जुई घरी आली ती लालबुंद होऊन.

“बाबा, फोन गाडीत राहिला होता. आम्ही खाडीवर बसलो होतो. हेच कुणी परक्याने केलं असतं, तर तुम्ही ऑफिसात त्याला काय म्हणता?”

साडूभाऊंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. “हल्ला,” ते हळूच म्हणाले.

“मग मला गाडी नकोय. मी बसने जाईन.” तिने चावी टेबलावर ठेवली आणि आत गेली. मेहुणी उगाचच कप विसळत राहिली.

साडूभाऊंनी पुन्हा फोन उचलला. मला वाटलं, आता हे मुलीलाच मेसेज करतात की काय. पण त्यांनी ॲपमधला मालक बदलून तिथे जुईचं नाव टाकायला घेतलं. विकलेली गाडी जुन्या मालकाच्या फोनवर दिसत राहते, ती दिसता कामा नये, म्हणून ते कंपनीत वरिष्ठांशी भांडभांड भांडले होते. गाडीने जुन्या मालकाला साफ विसरलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. स्क्रीनवर प्रश्न आला: ‘यापुढे ही गाडी तुम्हाला दिसणार नाही. पुढे जायचं?’

“हे वाक्य मीच लिहिलंय,” ते म्हणाले. “तेव्हा फार बरं वाटलं होतं.”

त्यांचं बोट काही क्षण अधांतरी राहिलं. मग त्यांनी ते टेकवलं आणि ठिपका नाहीसा झाला. आतून जुईचा फोन वाजला. ती बाहेर आली, बापाकडे एकदा बघितलं, आणि चावी उचलली.

पुढच्या रविवारी ती निघाली. गाडी वळणाआड गेल्यावर साडूभाऊंनी सवयीने फोन काढला, रिकामा स्क्रीन बघितला आणि मला विचारलं, “कुठवर गेली असेल हो?”

“गायमुखाच्या चढावर असेल,” मी ठोकून दिलं.

“हं. तिथे ट्रॅफिक असतं.”

फोन त्यांनी केला नाही. “गाडी चालवतेय ती,” म्हणाले. मग मीच त्यांच्या सोफ्यावर बसून जुईला आधी ठाण्याला, मग पनवेलला, मग लोणावळ्याला पोचवत राहिलो. मला यातलं काहीही ठाऊक नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दर वेळी ते मान डोलवत, जरा सैल होत आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारत. साडूभाऊ मला इतके आपले कधीच वाटले नव्हते.