कापडाखालची नावं

पेंटरला माणसं आवडत नसत, आणि माणसांनाही पेंटर फारसा आवडत नसे. तरी त्या बाजाररस्त्यावर ज्याला म्हणून दुकान उघडायचं असेल, त्याला आधी पेंटरच्या टेबलापाशी यावंच लागे. पाटीशिवाय कसलं दुकान? नुसतं गोदाम.

त्याचं स्वतःचं दुकान एका जिन्याखाली होतं. पुढे टेबल, मागे पत्रे आणि रंगाचे डबे, कपड्यांत मुरलेला टर्पेंटाइनचा वास, आणि कोपऱ्यात फ्लेक्स छापायचं मशीन. त्या मशीनचा तो मनापासून द्वेष करी. हाताने सरळसोट अक्षर काढणाऱ्या माणसाला बटणं दाबत बसावं लागतं, याचा राग त्याला रोज नव्याने येई. गिऱ्हाईक घासाघीस करणार, तीनदा रंग बदलायला लावणार, आणि पाटी दारावर चढली की रस्त्यात ओळखसुद्धा दाखवणार नाही. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण खरं तर पाटी रंगवणाऱ्यावरून निघाली होती, मध्येच वैद्याने लाटली, असं तो म्हणे.

एकाच माणसाशी तो नीट बोले, आणि ती त्याची बायको. ती घरी बसून कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची उंची कमी कर, चेन बदल, बाह्या आत घे, असली कामं. आपलं एक छोटं दुकान असावं ही तिची जुनी इच्छा, आणि त्या दुकानाची पाटी आपण हाताने रंगवायची, मशीनला जवळ फिरकू द्यायचं नाही, ही त्याची. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या त्याने पोटासाठी केल्या होत्या. ही एक त्याला करायची होती. आता न्हाव्याच्या शेजारचा गाळा रिकामा होणार होता आणि बायकोने मालकाशी बोलणंही केलं होतं. पेंटरने एक चांगला पत्रा घासूनपुसून, पांढरा हात देऊन भिंतीशी उभा करून ठेवला होता.

पाट्यांच्या धंद्याची तिथे एक रीत होती. दुकानाचं नाव उद्घाटनापर्यंत फक्त दोघांना ठाऊक. एक मालक, दुसरा पेंटर. पाटी चढायची तीसुद्धा कापडाने झाकून, आणि फीत कापली की कापड ओढायचं. पेंटरने इतक्या वर्षांत एकही नाव फोडलं नव्हतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्याच्या शत्रूलाही म्हणता आलं नसतं.

एक दिवस कॉम्प्युटर क्लासचा मास्तर पाटी बदलायला आला.

"नाव का बदलताय?" पेंटरने विचारलं.

"इंटरनेटवर मिळेना हो. कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय."

"त्याचा क्लास कुठे आहे?"

"क्लास कसला! नुसतं नाव घेऊन बसलाय. पाहिजे असेल तर पैसे टाका म्हणतो. तेही केवढे!"

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा."

"छे, पेंटर. बीळ त्याने विकत घेतलंय. याला डोमेन म्हणतात. वर्षाला थोडे पैसे भरायचे, नाव तुमचं. मग ज्याला ते हवं, तो येतो तुमच्या पायाशी."

पैशापेक्षा 'पायाशी' हा शब्द पेंटरच्या डोक्यात बसला. या रस्त्यावरचं एक तरी माणूस आपल्या पायाशी यावं, असं त्याला फार वर्षांपासून वाटत होतं.

मास्तरकडूनच त्याने सगळं शिकून घेतलं. कुठे बघायचं, कसं भरायचं, आपलं नाव लपवून कसं ठेवायचं. मग नवशिक्याचं व्हायचं तेच झालं. त्याने भारीभारी नावं घेतली. राजेशाही, सोनेरी, पाटीवर झोकदार दिसतील अशी. त्याला वाटलं, चांगलं दिसतं ते विकलं जाणारच. कुत्रंही फिरकलं नाही. वर्ष सरलं, पुन्हा पैसे भरायची वेळ आली, आणि त्याची चिडचिड वाढली.

"आयुष्यभर सगळ्यांना नावं ठेवलीत," बायको हसून म्हणाली, "आता विकतही घ्यायला लागलात?"

चूक त्याच्या लक्षात आली होती. चांगलं नाव घेऊन उपयोग नाही, कुणाला तरी हवं असलेलं नाव घ्यायला हवं. आणि ते कुणाला हवंय, हे आधीच कळायला हवं. एवढा विचार झाला, आणि तेवढ्यात चष्मेवाला जिन्याखालच्या दुकानात आला. इकडेतिकडे बघून, टेबलावर वाकून त्याने आपल्या नव्या दुकानाचं नाव पेंटरच्या कानात सांगितलं.

चष्मेवाला रस्ता ओलांडून पलीकडे पोचायच्या आत ते नाव पेंटरच्या मालकीचं झालं होतं.

काही महिन्यांनी चष्मेवाल्याला वेबसाइट करायची हुक्की आली आणि कुणा निनावी मालकाची मेल त्याच्याकडे गेली. त्याने पैसे भरले, आणि पेंटरच्या टेबलापाशी बसून त्या अनोळखी चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पेंटरने त्याला चहा पाजला. स्वतःही प्यायला. इतका गोड चहा त्याला कधी लागला नव्हता.

मग चटकच लागली. औषधवाला, गाद्यावाला, नवी आलेली दातांची डॉक्टरीण. जो पाटीला आला त्याचं नाव गेलं. पेंटरला याची लाज वाटत होती असं कुणी समजू नये. तो स्वतःशी म्हणे, मी नाव कुणाला सांगितलं का? नाही. मग रीत कुठे मोडली? कोडगेपणा अंगात भिनला की माणसाला आपली बाजू फार स्वच्छ दिसते. बायकोला त्याने सांगितलं होतं की दूरच्या लोकांना नावं विकतो. तिने विश्वास ठेवला.

आणि मग मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सायकलींचं दुकान टाकायचं होतं. या मेव्हण्यावर पेंटरचा जुना दात होता. कधीकाळी सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला होता, "आमच्या ताईला पाट्या-फळे रंगवणाऱ्याच्या गळ्यात बांधलं." म्हणणारा विसरून गेला होता. पेंटर विसरणाऱ्यातला नव्हता.

तरी पाटीचं काम त्याने झकास केलं. नाव लिहिलं, खाली 'सायकल विक्री व दुरुस्ती' लिहिलं, आणि थोडी जागा उरली तिथे आपल्याच डोक्याने घातलं: 'हवा मोफत'.

"वा, दाजी!" मेव्हणा खूश झाला. "मानलं तुम्हाला!"

त्या दिवशी जेवताना पेंटरने बायकोला हे दोनदा सांगितलं. दोन शब्दांत गिऱ्हाईक दारात येतं, याला म्हणतात डोकं. आणि त्याच दिवशी त्याने मेव्हण्याचं नावही घेऊन टाकलं.

इथे त्याला थांबता आलं असतं. घरचं माणूस होतं, बायकोचा जीव होता त्या भावावर. पण तो थांबला नाही, उलट नेहमीचा धीरसुद्धा सोडला. एरवी तो दुकान चालू होऊन रुळेपर्यंत वाट बघायचा. या वेळी पाटी वाळत होती तेवढ्यातच त्याने, पाटीवर घालायला म्हणून मिळालेल्या ईमेलच्या पत्त्यावर, मेल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा रडवेला होऊन घरी आला. बायको मशीनवर बसून कुणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवत होती.

"दाजी, हे बघा. कुणीतरी माझं नाव घेऊन ठेवलंय. अजून दुकानाचं दार उघडलं नाही हो!"

"जमाना वाईट आहे," पेंटर म्हणाला.

"काय करू मग?"

"देऊन टाक पैसे. नाव महत्त्वाचं. आता देशील तर कमीत सुटशील."

"दे बघू फोन," बायको म्हणाली. अस्तर बाजूला ठेवून तिने मेल मोठ्याने वाचायला घेतली. "आपणास कळवण्यात येते की सदर नाव आमच्या मालकीचे आहे. सायकल विक्री व दुरुस्ती, हवा मोफत, अशा आपल्या व्यवसायास ते अत्यंत..."

ती थांबली.

"पाटी लागली का तुझी?" तिने भावाला विचारलं.

"नाही. दाजींच्याच दुकानात आहे. वाळायचीय."

"हवा फुकट देणार आहेस, हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? ते तर दाजींनी..."

आता मेव्हणाही थांबला. शिलाई मशीनचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. पेंटरने खिडकीबाहेर बघितलं. स्वतःच्या दोन शब्दांचं त्याला इतकं कौतुक होतं की चोरीच्या कागदावरही ते घातल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं.

"गंमत केली," तो म्हणाला.

"आत्ताच्या आत्ता त्याचं नाव त्याला द्या," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्यासमोर."

त्याने दिलं. मेव्हणा चहा न घेता गेला. बायकोने अस्तर परत हातात घेतलं आणि फक्त एक विचारलं, "चष्मेवाल्याचंही तुम्हीच?"

तो खिडकीबाहेरच बघत राहिला, आणि तेवढं उत्तर तिला पुरलं.

मेव्हण्याचं तोंड कोण धरणार? बघता बघता सगळ्या रस्त्याला कळलं. पेंटरला वाटलं, भांडण होईल. भांडणाला तो तयार होता, भांडणात त्याचा हात कुणी धरत नसे. पण भांडायला कुणी आलंच नाही. औषधवाला आला आणि नव्या शाखेसाठी पाटी सांगून गेला: निळी, पांढरी किनार, मध्ये कोरी.

"मध्ये नाव काय घालू?"

"ते आम्ही बाहेरून लिहून घेऊ."

मग हे असंच सुरू झालं. गाद्यावाल्याची कोरी, डॉक्टरणीची कोरी. रंग द्या, किनार द्या, अक्षर देऊ नका. अक्षर हा ज्याचा श्वास, त्याच्याकडून लोक नुसते पत्रे रंगवून घ्यायला लागले. शिव्या परवडल्या असत्या.

"फळे रंगवणारा," असं रस्त्यात कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं. पेंटर तिथेच रस्त्याला उद्देशून वाटेल ते बोलला. कुणी वळूनही बघितलं नाही.

घरी बायको नेहमीसारखी वागत होती आणि तेच त्याला सोसवेना. चहा मिळे, जेवण मिळे, सदऱ्याचं तुटलेलं बटण लागून येई. गाळ्याची किल्ली आली, आत फळ्या ठोकल्या गेल्या, आरसा बसला. त्याने ठेवणीतले ब्रश काढले, धुऊन त्यांचे केस सारखे केले, चांगल्यातला लाल रंग आणला.

"नाव सांग, म्हणजे आखून घेतो."

"ठरलं नाही अजून."

"अगं, पण रंग वाळायला वेळ लागतो."

"ठरलं की सांगीन."

त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. एकदा तर त्याने शपथ घेतली की तो धंदा सोडला, सगळी नावं सोडून दिली. ते खरंही होतं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि दोरा ओवत बसली.

उद्घाटनाच्या दिवशी तो दाढी करून गाळ्यासमोर गेला, तर दारावर पाटी चढलेली होती. कापडाने झाकलेली. त्याने रंगवलेली नव्हे. त्याचा पत्रा जिन्याखाली भिंतीशी पांढराच उभा होता. सगळा रस्ता जमला होता. चष्मेवाला, औषधवाला, न्हावी, सायकलींना कुलूप लावून आलेला मेव्हणा. पेंटरला पुढे कुणी बोलावलं नाही आणि मागेही कुणी ढकललं नाही. बायकोने फीत कापली, मेव्हण्याने कापड ओढलं.

अक्षरं मशीनची होती, वाईट होती, ओळ उजवीकडे उतरलेली. पेंटरने आपल्या बायकोच्या दुकानाचं नाव सगळ्या रस्त्याबरोबर पहिल्यांदा वाचलं.

"पेंटर, तुम्हालाही आजच कळलं?" न्हाव्याने विचारलं. तो टोमणा नव्हता. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

पेंटरने मान खाली घातली. आणि तरीही, टाळ्या चालू असतानाच त्याचा हात खिशात गेला. सवय. त्याने फोन काढला, ते नाव टाकलं. मोकळं नव्हतं. उघडून बघितलं तर आत बंद शटरचा फोटो, दुकानाची वेळ, आणि बायकोचा फोन नंबर.

त्याने वर बघितलं. ती उंबऱ्यावर उभी राहून, कापड हातात गुंडाळत त्याच्याकडेच बघत होती. कधीपासून, कोण जाणे.

"बघून झालं?" ती म्हणाली.

त्याने फोन खिशात टाकला.

"झालं असेल तर बाजूला व्हा. गिऱ्हाइकं खोळंबलीत."