मीराबाईंचे चौकोन

माझ्या हाती कात्री द्यायची नाही, असा आमच्या गिरगावातल्या साप्ताहिकाच्या कचेरीत एक अलिखित नियम होता. सत्तावन्न सालच्या धामधुमीत तो कुणाला आठवला नाही. चौपाटीच्या सभेची बातमी चार बोटं लांब झाली होती आणि संपादक बाबुराव संयुक्त महाराष्ट्राची एक ओळही सोडायला तयार नव्हते. तेव्हा मी शेजारच्या चित्राचा खालचा भाग कापला, टोपलीत टाकला आणि उरलेलं छपाईचा ठसा करायला ब्लॉकवाल्याकडे धाडलं. वरचं छान दिसत होतं. माणसाचा फोटोही आपण छातीपर्यंतच छापतो, असा माझा हिशेब.

चित्र मीराबाईंचं होतं. मीराबाई परळच्या दोन जुळ्या चाळींच्या दाई. नवऱ्याची छाती कापडगिरणीनं खाल्लेली, घर नुकतंच बौद्ध झालेलं. अक्षरं त्या चाळिशीत शिकल्या, पण त्याआधीपासून त्यांची एक वही होती. वर्षाच्या आत गेलेल्या प्रत्येक मुलामागे त्या निळ्या पेन्सिलीनं एक चौकोन भरत. एक मूल, एक चौकोन. कुठल्याही चौकोनावर बोट ठेवा, त्या आईचं नाव सांगत.

त्या वहीवरून त्यांनी गणिताच्या चौकटीच्या कागदावर दोन खांब काढले होते. तीन वर्षांत पहिल्या चाळीत बावीस मुलं, दुसरीत सव्वीस. वर लिहिलं होतं, ‘दोन्ही चाळींत खोल्या ऐंशी-ऐंशी.’ म्हणजे कुणी म्हणायला नको, की तिकडे माणसंच जास्त. आवारातली पाण्याची टाकी गटाराला चिकटलेली. तिच्या जागी दोन्ही चाळींना मिळून नळ हवा होता, आणि मालकाला लाज वाटावी म्हणून हे छापायचं होतं.

छापून आलं तेव्हा पहिल्या चाळीचे दोन चौकोन उरले होते आणि दुसरीचे सहा. आकडे खांबांच्या तळाशी होते, ते टोपलीत गेले. मालकाला लाज वाटली, पण एकाच चाळीपुरती. त्याचं भाडं वसूल करणाऱ्या मेहताजींचा निरोप आला: नळ दुसऱ्या चाळीच्या आत बसेल, तिथल्याच बिऱ्हाडांसाठी; पहिल्या चाळीत तसं विशेष काही दिसत नाही. आवारात पाइपही येऊन पडले.

मीराबाई दुसऱ्या चाळीत राहायच्या. मी पेढ्यांची वाट बघत बसलो. त्या आल्या त्या अंक घेऊन.

“भाऊ, माझी वीस-वीस पोरं कुठं ठेवली?”

“जागा नव्हती हो. दोन्हीकडून सारखीच कापली. फरक चारचा होता, चारचाच राहिला.”

“फरक ऱ्हायला. पोरं नाय ऱ्हायली.”

“पण नळ येतोय ना तुमच्या दारात?”

“दुसरा कागद काढलाय. ह्यो छापा. अख्खा. आन्‌ कात्री तिकडं ठेवा.”

बाबुराव कुरकुरले, पण छापला. तो मेहताजींनी पाहिला. “गेल्या खेपेला दोन, आता बावीस,” ते म्हणाले, “खरं कुठलं ते आधी बघावं लागेल.” बघणं सुरू झालं आणि पाइप हातगाडीवरून परत गेले. त्या हातगाडीमागून मी लालबागच्या नाक्यापर्यंत चालत गेलो. कशासाठी, ते मलाही कळलं नाही.

उन्हाळ्यात टाकीचं पाणी हिरवं झालं. ज्येष्ठात मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर मीराबाई जमिनीवर बसून कागदावर पट्टी धरत होत्या. तीन नवे चौकोन. तिन्ही दुसऱ्या चाळीचे. तिसरा त्यांच्या धाकट्या जावेच्या, शांताच्या, मुलीचा. शांता भिंतीकडे तोंड करून निजली होती. एरवी कुठंही बसलो तरी मला काहीतरी गंमत सुचते. तिथं सुचेना.

“मीराबाई,” मी हळूच म्हटलं, “तेव्हा गप्प राहिला असता तर चैत्रातच तुमच्या चाळीत नळ आला असता. ही तीन...”

त्यांनी चौकोन कडेपर्यंत भरला.

“पहिल्या चाळीतली बी मेलीच व्हती, भाऊ.”