विकलेल्या खिडकीचं तोरण

राग माझ्या प्रकृतीला मानवतो. काही माणसांना पर्वतीवर चढून आल्यावर जे वाटतं, ते मला कुणावर तरी मनापासून चिडल्यावर वाटतं. त्यामुळे ही हकिकत मी आजवर मित्रांना, पाहुण्यांना, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही सांगितली आहे आणि दर वेळी तितकाच तापलो आहे. ऐकणारे हसतात. हसू देत. मी हसवण्यासाठी सांगत नाही.

शतक बदलण्याच्या जरा अलीकडे-पलीकडे पुण्यात ज्याला त्याला सॉफ्टवेअर कंपनी काढायची हौस आली होती. ज्यांना दुसरं काही सुचत नव्हतं ते मंगल कार्यालय काढत. आमची कंपनी बुधवार पेठेत होती. खाली वायरी, बॅटऱ्या आणि टेपरेकॉर्डरचे सुटे भाग विकणारी दुकानं, वर आम्ही. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. पक्के पेठेतले गृहस्थ. बोलायचे कमी, लागायचं जास्त.

साहेबांनी एक बिल्डर गाठला होता. त्याला सगळे शेठ म्हणत, म्हणून मीही म्हणतो. शेठच्या वडिलांपर्यंत घरची शेती होती. मग गाव महापालिकेत आलं, उसाच्या जागी इमारती उगवल्या, आणि शेठला फ्लॅटच्या बुकिंगसाठी संगणक हवासा वाटू लागला. बुकिंग ऑफिसात गिऱ्हाइकाकडे तोंड करून एक भलाथोरला मॉनिटर ठेवायचा, त्यावर इमारत दिसायची, आणि कुठला फ्लॅट मोकळा, कुठला गेला हे गिऱ्हाइकाला बसल्या जागी कळायचं, अशी त्याची कल्पना. कल्पना चांगली होती. पहिल्या दिवशी सगळ्यांच्याच कल्पना चांगल्या असतात.

मी पहिल्यांदा जे करून नेलं ते साधं होतं. एकेका फ्लॅटसाठी एकेक करडं बटण, त्यावर फ्लॅटचा नंबर, आणि विकला असेल तर खाली ‘विकला’ असं लिहिलेलं. त्या करड्या बटणांवर माझा जीव होता. वरच्या आणि डाव्या कडेला एक पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला एक काळपट रेघ, की सपाट काचेवर बटण फुगून वर येतं. दाबलं की त्या दोन रेघांची अदलाबदल करायची, की ते आत जातं. बास. एवढ्या दोन रेघांवर सगळ्या जगाचा कारभार चालला होता.

शेठनं मॉनिटरकडे पाहिलं आणि सुतकात आल्यासारखा चेहरा केला.

“हे काय हो इंजिनेर? ब्यांकेत आल्यावानी वाटतंय. मान्सं घर बघाया येत्यात, कर्ज मागाया न्हाय.”

“मग कसं हवं?”

“खिडकी पायजे. परत्येक फ्लॅटला खिडकी. विकलं तर लाल, मोकळं तर हिरवं. अन् ती अक्षरं काढा. घरावर कुणी अक्षरं लिवतं व्हय?”

इथवर मी खुशीत होतो, हे मान्य करायला हवं. आम्ही संगणकाच्या ज्या भाषेत काम करत होतो तिच्यात एक मोठी गंमत होती. बटणाचं काम वेगळं आणि बटणाचं रूप वेगळं ठेवलेलं. नट तोच, संवाद तेच. रंगभूषा आणि कपडे तेवढे आपण बदलायचे. मी त्या बिचाऱ्या करड्या बटणाला आतल्या खोलीत नेलं आणि खिडकी करून बाहेर आणलं. तिला चौकट दिली, गज दिले, खालच्या कठड्यावर तुळशीची कुंडीही काढली. माऊस वर आला की झडप किलकिली व्हायची, दाबलं की पूर्ण उघडायची. साहेब माझ्या पाठीमागे उभे राहून बराच वेळ बघत होते.

“छान,” ते म्हणाले. “आता रोज पाणी कोण घालणार तेवढं लिहून ठेवा.”

शेठच्या ऑफिसात त्या मॉनिटरसमोर बसायला एक जण नेमला होता. अमरावतीकडचा, माझ्याच वयाचा. पुण्यात येऊन बरीच वर्षं इकडेतिकडे केल्यावर ही बरी नोकरी लागली होती, आणि नुकतंच बायको-मुलीला आणून कसबा पेठेत एका खोलीत बिऱ्हाड केलं होतं. माणूस गोड बोलायचा. आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी देतानाच अर्धा फ्लॅट विकायचा. खिडक्या तयार होईपर्यंत करड्या बटणांवर त्याचा हात असा फिरला होता की मीच बघत राहिलो होतो. खिडक्या आल्या आणि तो अडखळायला लागला. एका नवऱ्याबायकोला त्यानं चौथ्या मजल्यावरची खिडकी दाखवून “ही मोकळी आहे” म्हटलं, तर ती बाई म्हणाली, “अहो, ही तर लाल आहे.”

शेठ मागेच उभा होता. हसला, पण हसून झाल्यावर म्हणाला, “दुसऱ्यांदा करू नगंस. याच्या आधीच्याला मी चहा सांडला म्हणून घालवलाय.”

संध्याकाळी मी निघालो तर हा गडी माझ्या स्कूटरपाशी उभा. चहाला घेऊन गेला. दोन चहा झाले. शेवटी म्हणाला, “भाऊ, विकलेल्या खिडकीवर काही खूण करता येते का जी?”

“कसली खूण? लाल आहे ना ती?”

“मले लाल-हिरवं सारखंच दिसते.” त्यानं कप खाली ठेवला. “रेल्वेत लागलो असतो मी. लेखी पास झालो होतो. डोळे तपासले अन् काढून टाकलं. शेठले सांगू नोका भाऊ. हातापाया पडतो.”

मी लगेच चिडलो. त्याच्यावर नव्हे. तीन अक्षरांचा एक शब्द होता बटणावर, त्याच्या जोरावर हा माणूस सुखानं काम करत होता. तो शब्द शोभत नाही म्हणून काढला. कुणाला शोभत नाही? ज्याचं पोट त्यावर नव्हतं त्याला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना म्हटलं की अक्षरं परत घालू या. साहेब म्हणाले, “का?” आता का ते सांगता येत नव्हतं, कारण साहेबांच्या पोटात गोष्ट राहते ती फक्त जेवलेली. मी म्हटलं, “स्पष्ट दिसतं.” साहेब म्हणाले, “आपण रंगारी आहोत. भिंत ज्याची, रंग त्याचा. आपल्याला स्पष्ट हवं असेल तर आपण आपलं घर बांधा आणि त्यावर लिहा.”

मग मी एक डाव टाकला, आणि तो आठवला की अजून माझ्या मिशा थरथरतात. सरळ शेठकडे गेलो. म्हटलं, “शेठ, माणसानं घर घेतलं की पहिलं काय करतो?”

“हप्ता भरतो.”

“त्याच्याही आधी. पूजा घालतो. दाराला तोरण लावतो. मग आपल्या विकलेल्या खिडकीला तोरण नको? आलेल्या गिऱ्हाइकाला दिसू दे की अमक्याच्या घरी तोरण चढलं, आपलंच राहिलं.”

शेठ खुर्चीतून उठला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं असावं, किंवा सिमेंटची धूळ असेल. “इंजिनेर,” तो म्हणाला, “तुमी आमच्यातलंच हाय.”

मी तोरण काढलं. आंब्याची पानं टोकदार, मधेमधे झेंडू, खिडकीच्या वर चांगलं रुंद, म्हणजे रंग सगळे पुसून टाकले तरी आकार ओळखू यावा. अमरावतीकर खुर्चीवर बसला, मॉनिटरकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळून फक्त भुवया उडवल्या. त्या दिवसापासून पुन्हा त्याचा हात फिरू लागला. शेठ पाहुण्यांना मुद्दाम आणून तोरणं दाखवायचा.

आणि तिथेच घात झाला. पाडवा आला. पाडव्याला घर बुक करायला झुंबड उडते. त्याच्या आधी शेठनं आम्हाला बोलावलं. साहेब, मी, शेठ असे ऑफिसात उभे. अमरावतीकर आपल्या खुर्चीवर.

“काय करा,” शेठ म्हणाला, “सगळ्याच खिडक्यांना तोरण लावा.”

“सगळ्या?” मी म्हटलं. “मोकळ्यांनासुद्धा?”

“सणाला मोकळी खिडकी बरी दिसत न्हाय. रांडक्यावानी वाटतंय.”

“शेठ, तोरण म्हणजे विकलं असं आहे ना आपलं?”

“पाडव्याला कुणाच्या बी दारी असतंय. कुलूप घातलेल्या घराला बी लावत्यात.”

हे दुर्दैवानं खरं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, “मग विकलेल्याला आत दिवा दाखवू. किंवा पडदा लावू. किंवा कुंडी फक्त विकलेल्यालाच ठेवू.”

“दिवसाढवळ्या दिवा? पडदा लावला तर आत मयत झाल्यावानी वाटंल. अन् कुंडी समद्यांना पायजे, हिरवळ म्हणून सांगतुया आपण.”

“अहो, पण कळणार कसं कुठलं मोकळं ते?”

“लाल-हिरवं हाय की!” शेठनं मॉनिटरवर थाप मारली. “आंधळ्याला बी कळंल!”

अमरावतीकर खुर्चीवर बसून होता. त्यानं मान खाली घातली नाही, काही नाही, हसल्यासारखं केलं. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं शेठच्या पाठीमागून मान हलवली. अगदी थोडी. नको.

“शेठ,” मी म्हणालो, “तुम्हाला इमारत दाखवायची आहे की रांगोळी?”

 साहेबांनी माझ्या दंडाला धरलं. “त्यांना उन्हाचा त्रास होतो,” ते शेठला म्हणाले. “उद्या सगळ्या खिडक्यांना तोरण लागेल.”

बाहेर आल्यावर मी साहेबांना म्हटलं की मी हे करणार नाही. साहेब म्हणाले, “नका करू.” आणि जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. विकलेल्या खिडकीलाच तोरण काढ, अशी एक ओळ मी लिहिली होती. तिच्यातली अट त्यांनी काढून टाकली. मी आठवडाभर सुंदर करत बसलो होतो, त्यांना पुसायला चहा निवेपर्यंतचा वेळही लागला नाही.

पाडव्याला मला ऑफिसात हजर राहायला सांगितलं होतं, संगणक रुसला तर समजूत घालायला. मॉनिटरवर इमारत अशी सजली होती की नवरीही लाजावी. खिडकीगणिक तोरण, खिडकीगणिक कुंडी. पेढ्यांचे बॉक्स रचलेले. पहिलं कुटुंब आलं: मुलगा, सून आणि मुलाची आई. शेठ मागे हात बांधून उभा. मी भिंतीला टेकलो होतो.

“तिसऱ्यावर काही आहे का हो?” मुलानं विचारलं.

अमरावतीकरानं माऊस हातात घेतला. तो परत खाली ठेवला. मग खुर्चीतून उठला, खुर्ची पुसली आणि आईला म्हणाला, “काकू, इथं बसा. सणाचा दिवस. घर तुमचं होणार, तर पयला हात तुमचाच लागला पाहिजे. तुम्हाले जी हिरवी खिडकी आवडली, ती दाबा.”

काकूंनी पदर सावरला. माऊस लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला. सून म्हणाली, “आई, एका हातानं.” बाण इकडेतिकडे भरकटला, एका हिरव्या खिडकीवर जाऊन थांबला. झडप उघडली. काकू “अगं बाई!” करून ओरडल्या आणि सगळं ऑफिस हसलं. पुढचं कुटुंब लगेच पुढे सरकलं, त्यांच्या आजोबांनाही दाबायचं होतं. मग रांगच लागली. घर घ्यायचं नव्हतं तेही दाबून बघायला आले.

शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “बघितलं का इंजिनेर? मान्सं अशी तयार करावी लागत्यात.” जणू यानंच रात्रंदिवस बसवून शिकवलं होतं.

गर्दी ओसरल्यावर अमरावतीकर मागच्या दाराशी पाणी प्यायला आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

“चाललं ना भाऊ?”

“चाललं!” मी म्हटलं. “चाललं म्हणूनच माझं डोकं उठलंय. तुम्ही नाटक करायचं, त्यानं टाळ्या घ्यायच्या, आणि एक शब्द लिहिला असता तर—”

“तुम्ही काहून चिडता जी? नोकरी माही आहे.”

“म्हणून तर चिडतोय. उद्या कुणी फोनवरून विचारलं तर? तेव्हा कुठल्या काकूंना बसवणार खुर्चीवर?”

“उद्याचं उद्या.”

उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही. आत फोन वाजला. “आरं उचल की!” शेठ पेढा खाता खाता ओरडला. अमरावतीकर धावत गेला. मी त्याच्या मागे. त्यानं रिसीव्हर कानाला लावला, “हो साहेब, आहे ना साहेब” केलं, आणि मग मॉनिटरवर नुसता बाण फिरवत राहिला. पलीकडच्याला पाचवा मजला हवा होता. शेठची मान आमच्याकडे वळली.

मी टेबलाला वळसा घालून गेलो आणि पाचव्या मजल्यावरच्या पहिल्या हिरव्या खिडकीवर बोट ठेवलं.

“पाचशे एक आहे साहेब,” तो फोनमध्ये म्हणाला. मी बोट सरकवलं. “पाचशे चार पण आहे.”

“ओ इंजिनेर,” शेठ म्हणाला, “काचेवर बोटं उठत्यात.”

“उठू देत,” मी म्हणालो, आणि पुढच्या हिरव्या खिडकीवर बोट असं दाबलं की मॉनिटर मागे सरकला.