घाट उतरणारी खोली

केडगावात माझी शेड होती. तेलाच्या दाबाने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उचलणारे जॅक बनवायचो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईकडच्या एका नव्या मनोरंजन बागेचे इंजिनिअर आले. त्यांना अशी खोली हवी होती, की आत बसलेल्या बारा माणसांना पडद्यावर रस्ता दिसेल आणि खाली जॅक त्यांना त्या रस्त्यासारखेच हलवतील. परदेशातून तयार यंत्र आणणं त्यांना झेपत नव्हतं. मी लगेच हो म्हणालो आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

भिंगारच्या लष्करी लिलावातली जुनी जीप घेतली, तिच्या बॉनेटवर कॅमेरा आवळला आणि करंजी घाट उतरताना सगळा रस्ता टिपला. खोलीचा सांगाडा उभा केला, खाली तीन जॅक लावले. पडद्यावर घाट बघत मी जॅक वर-खाली करणारे दांडे ओढायचो. माझ्या हातांची प्रत्येक हालचाल इंजिनिअरांचा कॉम्प्युटर जपून ठेवायचा आणि पुढच्या वेळी जॅक तोच चालवायचा.

पहिल्यांदा बायको आत बसली. तिसऱ्या वळणावर तिने पदर तोंडाला लावला. बाहेर आली ती भिंतीला धरूनच. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "डोळे मिटले की बरं वाटतं हो. उघडले की चित्र आधी वळतं, खुर्ची मागनं येती."

इंजिनिअर म्हणाले, चित्र जरा संथ करू. मला ते पटेना. दोन दिवस शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या, जेवताना ताट सरकवून उठलो. शेवटी पाथर्डीची एस.टी. पकडली आणि करंजी घाटात गाडीतच डोळे मिटून उभा राहिलो. परतीच्या गाडीतही तसाच. तिसऱ्या फेरीला कंडक्टरने खांद्यावर हात ठेवला.

"चक्कर येती का काय तुमाला? बसा की."

"नाही, बघतोय," मी म्हणालो. डोळे मिटलेलेच होते. तो तिकिटं फाडत पुढे गेला.

तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक दाबला. सगळा भार पायांच्या बोटांवर आला आणि ब्रेक सुटेपर्यंत तिथेच राहिला. आमची खोली मात्र ब्रेकला नुसता एक हिसका द्यायची. तिला पुढे कलवून तशीच धरून ठेवायला हवी होती. शिवाय तेल लांबच्या पाईपातून जॅकपर्यंत पोचायला वेळ घेत होतं, म्हणून चित्र पुढे पळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाईप कापून निम्मे केले. दांडे मी पुन्हा ओढले, या वेळी चित्र वळायच्या क्षणभर आधी, आणि ब्रेकला खोली पुढे कलवून धरून ठेवली. बायकोला विचारायचा धीर होत नव्हता, पण ती आपणच जाऊन बसली. पूर्ण घाट उतरली, दार उघडून म्हणाली, "परत लावा."

बाग सुरू झाल्यावर त्या खोलीपुढे मोठी रांग लागू लागली. पहिल्याच रविवारी आतून किंकाळ्या आल्या, मग मोठ्याने हसणं. इंजिनिअरांनी माझा हात हातात घेतला. माझं लक्ष डाव्या जॅककडे होतं. तिथे तेलाचा एक थेंब लोंबत होता. हात सोडवून घेऊन मी पाना आणायला पळालो.