नानांचा उलटा हात

मंडळी, आजचं आजच लिहितोय.

आज दुपारी आमच्या शहाडच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या बंद फ्लॅटच्या दाराखालून धूर यायला लागला. त्या घरचे सगळे लग्नाला टिटवाळ्याला गेलेले, किल्ली माझ्याकडे ठेवलेली. मी धावत गेलो आणि किल्ली लावलीसुद्धा. तुम्हीही हेच केलं असतं ना?

"थांब रे!" समोरचे नाना ओरडले. नव्वदीचा माणूस, अंगात बनियन. त्यांनी हाताची मागची बाजू दाराला टेकवली, खालून वर नेली आणि झटकन काढली.

"दार तापलंय. उघडलंस तर आत हवा जाईल आणि भडका तुझ्या अंगावर येईल. बंबाला फोन लाव, सगळ्यांना खाली ने."

आग विझल्यावर बंबावरचा जवान म्हणाला, "दार उघडलं नाहीत म्हणून वाचलात." मी नानांकडे बोट दाखवलं.

नाना एकोणीसशे पन्नासच्या दशकात कल्याणला बंबावर होते! वीस वर्षं समोरासमोर राहतोय आणि मला हे आज कळलं.

"भरतीला माणूस खांद्यावर टाकून शिडी चढायला लावलेली. ते जमलं," नाना सांगत होते. "मग आम्हाला शिकवणारे उस्ताद म्हणाले, दार तापलंय का बघ. मी तळहात लावला आणि शिव्या खाल्ल्या."

"का?"

"म्हणाले, तळहात भाजून घेतलास, तर आतल्या माणसाला धरशील कशाने?"