टाका कोणाचा?

टाकेमास्तरांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही एखादा फॉर्म भरतानाच आठवायचं. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या पाइपांना वेल्डिंगचे टाके घातले, आणि असे घातले की बोट फिरवलं तरी जोड सापडू नये. माणूस सरळ, पण स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

त्यांचं एक ठाम मत होतं, आणि तेच नडलं. सायलेन्सरच्या पाइपात धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो. तो तुंबला की चढावर गाडी रडते, आणि नवा घ्यायचा म्हटलं की मालक रडतो. मास्तर दोघांचं रडं थांबवायचे. डबा कापून टाकायचे आणि त्या जागी साधा पाइप जोडून द्यायचे. वर विचारायचे, "नाकात बोळा कोंबून कोणाला पळता येतं का?" कायद्याला हा प्रश्न पडला नव्हता. डबा काढलेली गाडी सापडली की मालकाला दंड, काढणाऱ्याला दुप्पट, आणि एकाच माणसाने काढल्याचं तीन गाड्यांवर सिद्ध झालं की त्याच्या गॅरेजला कायमचं टाळं.

तपासणीचे साहेब येणार अशी कुणकुण लागली, तशी बायको स्वतः गॅरेजात येऊन स्टुलावर बसली.

"अहो, पकडलेल्या गाड्यांच्या एकाही मालकाने तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही फक्त तोंड उघडू नका. गॅरेज बंद झालं तर दिवसभर घरात माझ्या डोक्यावर बसाल."

मास्तरांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

साहेब शिडशिडीत आणि भलतेच गोड बोलणारे निघाले. त्यांनी मोबाइलवर एका पाइपाचा फोटो दाखवला. "हा कोणी जोडला, काही कल्पना?"

मास्तर बसल्या बसल्या फडक्याने पाना पुसत राहिले.

"काम मात्र सुरेख आहे हो. समोरच्या गॅरेजवाल्याचं असणार."

"त्याचं?" मास्तर ताडकन उठले. "त्याला बादलीची कडी नीट बसवता येत नाही! माझा टाका आहे हा, साहेब!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं आणि दुसरा फोटो पुढे केला. मास्तरांनी तो मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. "हाही माझाच. बघा, कुठे फुगवटा दिसतोय? शोधून दाखवा!" आता बायको उठली आणि सरळ त्यांच्या पायावर पाय देऊन उभी राहिली.

तिसरा फोटो आला. जोड वाकडातिकडा, वर धातूचे गोळे, एका बाजूला चक्क भोक. मास्तर बघतच राहिले. गेल्याच महिन्यात त्यांनी हा पाइप जोडला होता. हल्ली ठिणगीपलीकडची जोडाची रेघ त्यांना धूसर दिसायची, पण हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. टाका इतका वाईट पडला असेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

"आणि हा?" साहेबांनी विचारलं.

बायकोने श्वास रोखून धरला. मास्तरांनी फोटोवरून नजर काढून घेतली.

"हा... माझा नाही."

"छे, छे! तुमचा कसा असेल?" साहेब हसले. "हे कोणातरी शिकाऊ माणसाचं काम. उगाच विचारलं, माफ करा."

दोन गाड्यांचा दंड भरायचा आणि त्यांचे डबे स्वखर्चाने परत बसवायचे, असं ठरवून साहेब निघून गेले. बायकोला हसू आवरेना. "वाचलो बाई! देवच पावला. अहो, आता तरी बसा की, झालं काय तुम्हाला?"

मास्तर उभेच होते. दंडाचं त्यांना काही वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम नाकारलं, तेही त्यांनी कसंबसं गिळलं असतं.

"त्याने एकदाही पुन्हा विचारलं नाही गं," ते म्हणाले. "लगेच पटलं त्याला."